फोटोत तोंडं दिसली पाहिजेत

साहेब, वामनरावला तुम्ही मारलं, असा आरोप इथं नाही. रोग कुणाच्या सहीनं येत नाही, एवढी अक्कल गावाला आहे. आरोप दुसरा आहे आणि तो मरणापेक्षा हलका नाही. वामनरावच्या मरणाचं खापर तुम्ही त्याच्या बायकोच्या डोक्यावर फोडलं. तेही एका बोटानं. मोबाइलवर चार पर्याय आले, त्यातल्या एकावर बोट टेकवलं आणि पुढचा फॉर्म उघडला. त्या बोटाखाली कोण चेंगरलं, ते आता ऐका; गोष्टीत साहेब येईल, तो तुम्हीच.

तिचं नाव द्वारकाबाई. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीच्या पलीकडं, आणि तिथून पुढं थोडं गेलं की पैनगंगा, नदी ओलांडली की महाराष्ट्र. दोन एकरांत वांगी, भेंडी, कोथिंबीर. वामनराव पिकवायचा, द्वारकाबाई टोपली घेऊन सकाळच्या पहिल्या बसनं आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, बसायची. वांग्यांना पाणी कधी द्यायचं यावरून दोघांचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये, पाडव्यानंतर नऊ दिवसांनी, वामनराव दवाखान्यात गेला. म्हणजे वारला. त्या महिन्यात दवाखान्यात जाणं आणि वारणं यात लोक फरक करत नव्हते.

मे महिन्यात फॉर्म आला. रोग गावात कसा शिरला, लोक कसे वागतात, कुठं बसतात, कुणाला भेटतात, हे सगळं घरोघर जाऊन विचारायचं आणि मोबाइलवर भरायचं. शाळा बंद, म्हणजे शिक्षक रिकामे, हा सरकारी हिशेब. ड्युटी लागली शुभांगीला. ती गावातल्याच प्राथमिक शाळेची मराठी मिडियमची टीचर. तिचा बाप लोकांच्या शेतात राबला आणि ती शिकली. गावातल्या भीमनगर वस्तीतली पहिली सरकारी नोकरीवाली बाई. कागद नीट भरणं हा तिचा धर्म होता. त्याच धर्मानं तिला दगा दिला.

फॉर्ममध्ये काय होतं? मागच्या चौदा दिवसांत जिमला गेलात का? मॉलला गेलात का? हॉटेलात बसून जेवलात का? लिफ्ट वापरली का?

निंबाखाली बसलेल्या नागोरावला तिनं हे विचारलं, तर तो म्हणाला, "टीचर, लिफ्ट तं एकच हाय आपल्या गावात, नदीवरून पाणी उचलाची. थे सा वर्सापासून बंद पडून हाय. लिवून घे, पाणी आलं असतं तं वापरली असती."

ज्या गोष्टीनं रोग खरंच फिरत होता, ती फॉर्ममध्ये नव्हतीच. एका डबीतला चुना पाच अंगठे उचलत होते. सात जणांच्या ऑटोत तेरा जण बसत होते, आणि पोलीस दिसला की तेराही जण एकदम दस्ती, म्हणजे रुमाल, नाकावर ओढायचे. पोलीस मागं पडला की दस्ती परत गळ्यात. रेशन दुकानापुढं सरकारी माणसानं चुन्याचे गोल आखले होते, सहा-सहा फुटांवर. गोलात कोण उभं होतं? चपला. प्रत्येकानं आपली चप्पल गोलात ठेवली होती, एकीनं तांदळाची पिशवी, आणि माणसं सगळी निंबाच्या सावलीत मांडीला मांडी लावून बसली होती.

"हे काय लावलंय तुमी?" शुभांगी ओरडली होती. "नंबर चपलेचा हाय का रोगाचा?"

"उनात उभं राहून मरावं का मंग?" नागोराव म्हणाला. "गोल सावलीत काऊन नाई आखले त्याइनं?"

गोल आखणारा जीपमधून आला, आखून जीपमधून गेला. सावली कुठं पडते, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. पण म्हणून मांडीला मांडी? डोकं आपटून घ्यावं असं तिला वाटायचं, आणि कुणाचं आपटावं हे कळायचं नाही, लोकांचं की जीपवाल्याचं.

अशी चिडत, पाय आपटत ती घरं उरकत गेली. द्वारकाबाईचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

कारण त्या घराचं उत्तर गावानं आधीच भरून ठेवलं होतं. द्वारकाबाईची एकुलती एक बहीण नदीपलीकडं वारली होती. द्वारकाबाई रविवारी तिच्या मयतीला गेली, सोमवारी परत आली. मंगळवारी पाडवा. त्याच दिवशी टेस्टवाल्यांची जीप आली, टेस्ट झाली, वामनराव पॉझिटिव्ह. गावानं बोटांवर दिवस मोजले आणि निकाल दिला. महाराष्ट्रातून आणला. बाईनं आणला.

आणि मयतीला जाणं म्हणजे काय, हे सगळ्या बायांना माहीत. आपल्याकडं मयतीच्या घरी बाई दारातूनच हंबरडा फोडत शिरते. घरातली बाई उठते, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात, गालाला गाल लागतो, खांदा भिजतो. मग दुसरी, मग तिसरी. जी गळ्यात पडत नाही तिचं नाव वर्षभर निघतं, की कोरडीच आली आणि कोरडीच गेली. द्वारकाबाई सख्ख्या बहिणीच्या मयतीला गेली होती. ती काय सहा फुटांवरून हात जोडणार होती?

तिचा नवरा मेला तेव्हा मात्र एकही बाई आली नाही. वामनरावला दवाखान्यातून परस्पर नेलं, तिला तोंडही दाखवलं नाही. शेजारची जयवंताबाई तेवढी दोन्ही वेळेला भाकर आणून कुडावर ठेवायची आणि हाक न मारता मागं फिरायची. चौदा दिवस झाले, एकवीस झाले, तरी कोणी गळ्यात पडलं नाही. बोरवर द्वारकाबाई घागर घेऊन गेली की बाया बाजूला सरायच्या. ते रोगाच्या भीतीनं नव्हतं. नवऱ्याला खाऊन बसलेल्या बाईसारखं तिच्याकडं पाहत होत्या.

शुभांगी गेली तेव्हा द्वारकाबाई ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. कुणासाठी, कोण जाणे. बाजार बंद होता.

"तिथंच बस वं शुभांगी. लांबच बस माह्यापासून."

"काकू, तुमचा फॉर्म भरायचा राह्यला."

"भर ना. त्यात का लिवाचं ते मले मालूम हाय. म्याच आणला अन् म्याच मारलं त्याइले."

"असं कोण म्हणते?"

"समदं गाव म्हणून राह्यलं. टेसच्या दिशी सायबानं बी मयतीचंच लिवून नेलं. अन् खोटं का हाय त्यात? दहा जणीइच्या गळ्यात पडली मी तिथं. त्याइच्यातल्या दोघी मेल्या म्हणते मांगून."

ती रडत नव्हती. केळीच्या सोपटानं जुडी आवळत होती, इतकी की देठं कचकन मोडत होती. शुभांगीला वाटलं, पटकन भरावं आणि उठावं. तिनं पहिला प्रश्न वाचला.

"काकाला ताप कोणत्या दिवशी आला?"

"पाडव्याले. टेस केली त्या दिशी."

"त्याच्या आधी काही दुखणं?"

"काईच नाई. शनवारी ऊन लागलं व्हतं, तेवढंच."

शुभांगीचं बोट स्क्रीनवरच थांबलं.

"ऊन लागलं म्हणजे काय झालं होतं?"

"म्हणजे ऊन लागलं. आता हे बी टीचरले सांगाव लागते का? आंग तापलं, डोये लाल झाले, समदे हाडं दुखून राह्यले म्हणे. म्या कांदा ठेचून तळपायाले चोळला, कैरीचं पन्हं देल्लं. रातभर कन्हले. रईवारी मी तं जातच नव्हती, असं टाकून कसं जावं म्हणलं. तेच म्हणले, बहीण एकच व्हती तुले, जा."

"काकू, मग ताप शनिवारीच होता ना."

"ताप नाई वं. ऊन."

शुभांगीनं कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर ती घरोघर हेच ऐकत होती. ताप होता का? नाही, ऊन लागलं. खोकला होता का? नाही, ठसका होता, मिरच्या वाळवल्या ना. अंग दुखलं का? दुखलं, पण ते बाधलं होतं, उतरवून टाकलं. या जिल्ह्यात होळीपासून मृग लागेपर्यंत ताप कुणालाच येत नाही, सगळ्यांना ऊन लागतं. फॉर्म विचारतो ताप, बाई सांगते ऊन, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. चिडायचं तरी कुणावर? तिचं स्वतःचं काय? त्याच शनिवारी तिला नाकातून धारा लागल्या होत्या. जयंतीच्या दिवशी, चौदा तारखेला, बाबासाहेबांच्या फोटोपुढं अगरबत्ती लावली तर वासच आला नव्हता. तेव्हा ती काय म्हणाली होती? सर्दी आहे.

"काकू, नीट ऐका. तुमी रविवारी मयतीला गेल्या. काकाचं अंग तापलं शनिवारी. तुमी घरून निघायच्या आधीच रोग घरात होता. तुमी नाही आणला तो काकासाठी."

द्वारकाबाईचे हात थांबले. ती शुभांगीच्या तोंडाकडं पाहू लागली, एखादी बाई तराजूच्या काट्याकडं पाहते तशी.

"मंग कुठून आला?" तिनं विचारलं. "ते तं कुठंच गेले नाई. बाजारात मी जात व्हती, अन् मले तं काईच झालं नव्हतं. ते वावरातून घरी, घरून वावरात. एकडाव तेवढे तुमच्या मीटिंगले आल्ते, पांढरा शर्ट घालून."

शुभांगी मोबाइल उचलून उठली.

मीटिंग सहा तारखेला झाली होती, मंगळवारी. वरून हुकूम होता, गावोगाव जागृती करा. जागृती कसली? अंतर ठेवा, गर्दी करू नका, बंद जागेत बसू नका. ते सांगायला पंचेचाळीस माणसं रैतू वेदिकेच्या हॉलमध्ये कोंबली. हॉल शेतकऱ्यांच्या मीटिंगसाठी बांधलेला, खिडक्या चांगल्या मोठ्या. पण साहेबांनी प्रोजेक्टर आणला होता आणि उजेडात पडद्यावर चित्र दिसेना, म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. सव्वा तास अंधारात चित्रं दाखवली. हवा खेळती ठेवा, हे वाक्य त्या बंद हॉलमध्ये तेलुगूत दोनदा आणि हिंदीत एकदा वाचून दाखवलं. हजेरीच्या रजिस्टरला पेन एकच. पंचेचाळीस हातांतून फिरून ते साहेबांच्या खिशात गेलं.

आणि शेवटी फोटो. कामाचा फोटो वर चढवल्याशिवाय काम झालंच नाही, असा तो राज्याचा नियम. नाली खोदली तरी फोटो, झाड लावलं तरी फोटो. बॅनर धरला, त्यावर तेलुगूत भौतिक दूरम, म्हणजे अंतर ठेवा. पंचेचाळीस माणसं बॅनरच्या मागं मावेनात. साहेब मोबाइल धरून "दग्गर, दग्गर" करत होते, म्हणजे जवळ, अजून जवळ. मग ते शुभांगीला म्हणाले, "टीचर, मास्क निकालने बोलो सबको. फेस नहीं दिखा तो ॲप फोटो लेता नहीं."

सगळ्यांनी मास्क खाली केले. करायला काय, अर्ध्यांचे हनुवटीवरच होते. एक वामनराव तेवढा दारापाशी उभा होता, नाकावर दस्ती पक्की गाठ मारून. बायको बाजारात चार माणसांत बसते, आपल्याकडून कोणाला नको आणि कोणाकडून तिला नको, म्हणून तो महिनाभर तशीच दस्ती बांधत होता. शुभांगीनं त्याला हाताला धरून दुसऱ्या रांगेत, मधोमध उभं केलं, आणि म्हणाली, "काका, दस्ती काढा ना. फोटोत तोंड दिसलं पायजे."

त्यानं गाठ सोडली. "टीचर म्हणते तं काढू," असं म्हणाला आणि हसला.

तो फोटो गावाच्या ग्रुपवर अजून होता. शुभांगीनं शाळेच्या ओट्यावर बसून तो मोठा केला आणि एकेक तोंड पाहत गेली. ज्यांना त्या आठवड्यात काही ना काही झालं, ते सात. कुणाला ऊन, कुणाला बाधलं, कुणाला नुसताच थकवा. सातांतले पाच दुसऱ्या रांगेत, एकाला एक लागून. सहावी ती स्वतः, वामनरावच्या खांद्यामागं, आणि सातवा तेवढा कडेला. तिथूनच लागला, हे तिला छातीठोक सांगता येत नव्हतं. पण मयतीतून लागला नाही, हे सांगता येत होतं. तारीख सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. दोन महिने घरी गेला नव्हता, डोळे खोल गेलेले. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, मग मोबाइल तिच्यापुढं केला.

"देखो टीचर. सोर्स में चार ऑप्शन हैं. शादी, मय्यत, जात्रा, दूसरे स्टेट से आना. मीटिंग कहाँ है इसमें, आप ही दिखाओ."

"नहीं है, सार. इसीलिए तो बोल रही हूँ. लिखने की जगह दो."

"जगह नहीं है. एक दबाओ तो ही फॉर्म आगे जाता."

"तो मत भेजो आगे."

"पेंडिंग दिखाता वो. मेरे नाम पे." तो खुर्चीत मागं टेकला. "और टीचर, वो मीटिंग अवेअरनेस का था. अवेअरनेस से कोरोना होता क्या? क्या प्रूफ है?"

"मय्यत का क्या प्रूफ है, सार?"

साहेबानं चश्मा पुसला, मोबाइल ओढून घेतला आणि मय्यतवर बोट टेकवलं. हिरवी खूण आली. तो म्हणाला, "हो गया. जाओ अब. आप भी थके हो."

बसमध्ये शुभांगी रडली नाही. ती स्वतःवर इतकी चिडली होती की शेजारच्या बाईनं नाव विचारलं तर तिच्या अंगावरच खेकसली. आयुष्यभर कागद नीट भरला. एका माणसाचं तोंड उघडं पाडलं, तेही कागद नीट भरावा म्हणून.

गावात उतरून ती थेट द्वारकाबाईच्या ओसरीवर गेली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. खिडक्या, फोटो, दुसरी रांग. "अन् काकू, काकाच्या तोंडावरची दस्ती म्या काढाले लावली. हाताला धरून मधात म्याच उभं केलं."

द्वारकाबाईनं पदर डोक्यावर ओढला.

"मंग तू तवाच काऊन नाई बोलली? महिना झाला. मी बोरवर जातो तं बाया सरकते, हे दिसत नव्हतं का तुले?"

"मलाच उमगलं नव्हतं, काकू."

"उमगलं नव्हतं का उमगू देल्लं नाई?"

शुभांगी ओसरीच्या काठावर टेकली.

"दस्ती काढाले तुले कोणं सांगतलं?"

"सायबानं."

"सायबाले?"

"वरच्यानं. फोटो पाठवाव लागते वर."

"अन् त्या वरच्याले?"

"ते मले नाई मालूम."

"मंग इचार ना. लिवता येते ना तुले? मले येत असतं तं म्याच इचारलं असतं."

शुभांगी पुढं झाली. तिचे हात आपोआप पुढं आले होते, बाईनं बाईच्या गळ्यात पडायचे तसे. द्वारकाबाईनं तळवा आडवा धरला.

"नको. आता नको. एक बी नाई आली तवा. तू कागद आण."

कागद आला. द्वारकाबाई बोलत गेली, शुभांगी लिहीत गेली, वर मराठीत आणि खाली तेलुगूत, म्हणजे वाचता आलं नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या मालकाला त्या मीटिंगला कोणी बोलावलं. खिडक्या कोणी लावल्या. तोंडावरची दस्ती काढायचा हुकूम कुठून आला. मयतीला रकाना आहे, लग्नाला आहे, मग तुमच्या मीटिंगला का नाही. आणि मी नवरा मारला, हे तुमच्या कागदात लिहिलं आहे ते कोण खोडणार. खाली अंगठा. अंगठ्याच्या खाली शुभांगीनं स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली: दस्ती काढायला सांगणारी मी, शुभांगी, सरकारी टीचर, हे मी कबूल करते. आणि सही केली.

जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज घेतल्याचा शिक्का मिळाला. महिन्याभरात शुभांगीला मेमो आला, वरिष्ठांशी परस्पर पत्रव्यवहार केल्याबद्दल. अर्जाला उत्तर आलं नाही.

त्याला आता वर्षं लोटली. चुन्याचे गोल पहिल्याच पावसात गेले. ऑटोत परत तेरा बसतात. द्वारकाबाईची वांगी रैतू बाजारात विकली जातात, गावही घेतं. पण बोरवर घागरीवरून भांडण लागलं की जयवंताबाई, जिनं एकवीस दिवस कुडावर भाकर ठेवली तीच जयवंताबाई, अजून म्हणते, "गप बस वं, मयतीतून रोग आणून नवरा खाल्ला तुनं, ते बी सरकारी कागदात लिवलेलं हाय." आणि द्वारकाबाई घागर तशीच ठेवून शुभांगीच्या घरी येते. आत येत नाही. दारातूनच विचारते, "आलं का वं काई वरून?"

साहेब, दर वेळेला शुभांगी मान हलवते. ती बाई कधी तरी विचारायची थांबेल, अशी वाट पाहत असाल, तर ती थांबणार नाही. शिक्का मारलेली नक्कल तिच्या ट्रंकेत आहे. तोंडं दिसली पाहिजेत म्हणून तुम्ही माणसांच्या नाकावरची दस्ती सोडवलीत, आता एकदा आपलं तोंड उघडा. वामनरावला त्या हॉलमध्ये कोणी बोलावलं होतं, आणि त्याच्या बायकोचं नाव तुमच्या कागदातून कधी खोडताय?